तीन हिवाळे पाहिलेला बैल

आस्पेनेस, संत मिखाएलचा सण, १४४५

हे पत्र जे पाहतील किंवा ऐकतील त्या सर्वांना आस्पेनेसचा ओग्मुंड गाउतसन देवाच्या नावाने आपला नमस्कार कळवतो.

हेरबोर्ग, वरची ओळ पाद्री आउदुननी घातली. त्यांना पत्राची ही एकच सुरुवात येते, मग ते खरेदीखत असो की मुलीला लिहिलेला कागद. मी सांगतोय, ते लिहितायत. माझी बोटं सांधेदुखीने धरली आहेत.

तुला हियाल्टलंडच्या बेटांवर नांदायला जाऊन बारा वर्षं झाली आणि या घरातून जाऊन वीस. एवढ्या वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तू मला लिहिलं नाहीस. तेव्हा कुणी कुणाला बोल लावायला नको. कामाचं सांगतो.

माझ्या चुलतभावाने, गुटोर्मने, यंदाच्या सभेत उभं राहून असं म्हटलं की तोरलेव माझा वारस नाही. तुला ठाऊक आहे, तोरलेव ओसाच्या पोटचा, माझ्या लग्नाआधीचा. अशा मुलाला घराण्यात घ्यायचं तर रीत एकच. घरचा, तीन हिवाळे पाहिलेला बैल कापायचा, त्याच्या उजव्या पुढच्या पायाचं कातडं सोलून बूट शिवायचा, आणि तो दारूच्या पिंपाशी ठेवायचा. आधी बाप त्यात पाय घालतो, मग तो मुलगा, मग वारस, मग भाऊबंद. पाय घालण्याआधी ज्याने त्याने बैलाचं वय सांगायचं. हे सगळं वीस वर्षांपूर्वी आपल्या अंगणात झालं. तू नऊ वर्षांची होतीस, वारस म्हणून तूही पाय घातलास. शंभर माणसं हजर होती.

आता गुटोर्म म्हणतो, बैल दोनच वर्षांचा होता. कुणी म्हातारा गुराखी मरताना त्याच्यापाशी बोलला म्हणे. बैल कमी वयाचा असेल तर बूट खोटा, आणि बूट खोटा तर तोरलेवही उपरा. न्यायाधीश म्हणाले, ओग्मुंड जिवंत आहे तोवर जमीन ओग्मुंडची, वारसाचं त्याच्यामागे बघू. पण गोठ्यातलं सगळं त्या वेळी मुलीला माहीत असायचं, तिची साक्ष आणलीत तर आजच मिटेल.

तर तू लिहून दे की बैल तीन वर्षांचा होता. नवं काही मागत नाही. त्या दिवशी सगळ्यांदेखत तू हेच म्हणाली होतीस.

नाही दिलंस तर माझ्यामागे आस्पेनेस आणि खालची एक्केचाळीस कुळं तुझ्या नावावर येतील. तू समुद्रापलीकडे. जमीन काही तिथे नेता येत नाही. ती तुझ्याकडून घ्यायला गुटोर्म तयारच आहे, मागच्या रविवारी तो आपल्या गवताच्या पट्ट्यातून पावलं मोजत चालला होता. आणि ज्या तोरलेवने पंधरा वर्षं ही जमीन राखली, ज्याला प्रत्येक कुळाच्या घरातली म्हातारी कशाने आजारी आहे ते माहीत असतं, तो तेहतिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या दारात गवत कापेल.

नावाडी रोल्वची ही यंदाची शेवटची फेरी. उत्तर वसंतात येऊ दे.

ओग्मुंड. शिक्का खाली आहे.

आस्पेनेस, संत हल्वार्डचा सण, १४४६

हेरबोर्ग,

तुझं उत्तर पोहोचलं. सात महिने वाट पाहिली आणि दोन ओळी आल्या. "बैल दोन वर्षांचा होता. त्याचं नाव कोल होतं." संपलं. खाली नाव नाही, म्हाताऱ्याची तब्येत विचारलेली नाही.

मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ओसा दूध गाळता गाळता म्हणाली, "मालक, पत्र आखूड आहे म्हणून चिडलात की खरं आहे म्हणून?" तिला कुणी विचारलं होतं? पण म्हातारपणी ही बाई अशीच झाली आहे, एकदा बोलते आणि मग आठवडाभर ते कानात राहतं.

म्हणून या वेळी पाद्रीबुवांना बोलावलं नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, सांभाळून घे.

ठीक आहे, दोन वर्षांचा होता. हे मी तुला लिहितोय, सभेला नाही. तू हा कागद गुटोर्मला दाखवलास तर तोरलेवचा निकाल लागला, हे समजून लिहितोय.

झालं असं होतं. त्या कामासाठी राखलेला तीन वर्षांचा बैल सणाच्या सहा दिवस आधी वरच्या कुरणावरच्या कड्यावरून घसरला. तोवर दारू मुरली होती, खाडीच्या दोन्ही काठांचे पाहुणे बोटींत बसले होते. आणि पुढच्या महिन्यात मला जहाजांबरोबर लढाईवर जायचं होतं, परत येईनच याची खात्री नव्हती. गोठ्यात त्या अंगाचा एकच बैल उरला होता, तो तुझा कोल. मी म्हटलं, एका हिवाळ्याचा तर फरक, कोण बघतंय.

आता ऐक. चार दिवसांपूर्वी तांबड्या गाईला गोऱ्हा झाला. हाडापेराने मजबूत आहे, तांबडाच, उजवा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. मी ठरवलंय की हा वाढवायचा आणि सगळं पुन्हा करायचं, नीट. विकतचा बैल घेतला असता, पण विकतच्या बैलाचं वय विकणारा सांगेल ते. शिवाय एकदा आपलं नाव झालंय, आता माझ्या तोंडच्या "तीन"वर कोण विश्वास ठेवणार? हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाढू दे.

म्हणून रविवारी मी गोऱ्ह्याला चर्चच्या अंगणात नेला आणि प्रार्थना सुटल्यावर दारात उभा केला, की बघून ठेवा, हा या आठवड्यात जन्मला. पाद्रीबुवा कानकोंडे झाले. गुटोर्म म्हणाला, "दादा, बाप्तिस्मा द्यायला आणलात का? मग माझं नाव ठेवा, मी सांभाळीन." सगळे हसले. हसू देत, हसले म्हणजे पाहिलं.

तीन हिवाळे म्हणजे १४४९चा उन्हाळा. मी त्रेसष्टचा आहे. गुडघे गेले आहेत, छाती वाजते. तोवर टिकायला हवं, मी आणि गोऱ्हा दोघांनीही. आणि तुझा पाय लागेल. जवळच्या वारसाने राजीखुशीने पाय घातला की लांबच्याला तोंड उघडता येत नाही. तुझ्याशिवाय तो बूट म्हणजे नुसतं कातडं.

येशील का, हे आत्ता विचारत नाही. गोऱ्ह्याचं नाव ठेवलेलं नाही. या घरात ते काम तुझं होतं.

ओग्मुंड

आस्पेनेस, संत बोटोल्वचा सण, १४४७

हेरबोर्ग,

गोऱ्हा जगला. आता एक वर्ष आणि एक महिन्याचा आहे. हिवाळा वाईट गेला, गवत मार्चमध्येच संपत आलं. तोरलेवने बर्चच्या डहाळ्या आणि माशांची डोकी उकडून गुरांना घातली. दोन गाई गेल्या. हा मात्र खाण्याच्या बाबतीत पाद्रीबुवांसारखा आहे, समोर आलं की नाही म्हणत नाही. मी दिवसातून तीनदा गोठ्यात जातो. ओसा म्हणते की लग्नाच्या बायकोला मी एवढं कधी विचारलं नव्हतं. खरं आहे ते.

तुझं काही आलं नाही. रोल्वला विचारलं, पत्र दिलंस का. म्हणाला, "दिलं, हातात दिलं. बाईंनी शिक्का फोडला, तिथेच धक्क्यावर उभ्या राहून वाचलं." मग काय म्हणाली? "बोटीत मीठ किती आहे ते विचारलं." बरं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. कड्याचं लिहिलं, दारूचं लिहिलं, लढाईचं लिहिलं. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, मग लिहायचं कशाला, असं स्वतःला सांगितलं. पण तुला माहीत असणं वेगळं आणि मी कबूल करणं वेगळं.

तू पिंपाशी आलीस. पाद्रीबुवांनी विचारलं, बैल किती हिवाळ्यांचा. तू मोठ्याने म्हणालीस, "कोल दोन वर्षांचा आहे. आई गेली त्या आठवड्यात झाला." तू चूक काहीच सांगितलं नव्हतंस. आई गेली तो आठवडा कुठलं पोर विसरेल? त्या गोऱ्ह्याला तूच बोटाने दूध पाजलंस, दोन वर्षं तो तुझ्यामागे हिंडला, आणि त्या सकाळी तो कापला हे तुला कुणी सांगितलंही नव्हतं. तू बुटावरचे पांढरे केस पाहून ओळखलंस, काळ्या कोलचा तेवढाच एक पाय पांढरा होता.

मी तुला शंभर माणसांत मारलं. हात उलटा करून मारलं, त्या हातात अंगठी होती. मग तुझं मनगट धरून म्हटलं, पुन्हा सांग. तू म्हणालीस, "तीन." मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तू मोठ्याने म्हणालीस आणि त्या बुटात पाय घातलास. तुझ्या ओठातून रक्त येत होतं आणि लोक पिंपाकडे बघत होते.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. मी पोर हट्टी आहे म्हणून तुला ब्योर्गविनला आत्याकडे धाडलं. तिथेच तुझं लग्न झालं, मी आलो नाही. वीस वर्षं मी लोकांना सांगत होतो की मुलगी हट्टी निघाली. मला लाज वाटते, हेरबोर्ग. हे लिहायला मला चार दिवस लागले आणि त्यात बोटांचा दोष नाही.

तोरलेव या सगळ्यात नव्हता. तो वीतभर अंतरावर उभा होता, तेराचा असेल. आजही त्या सणाचं नाव काढलं की उठून बाहेर जातो.

ओग्मुंड

आस्पेनेस, संत ओलावचा सण, १४४८

हेरबोर्ग,

बैल दोन वर्षं आणि अडीच महिन्यांचा आहे. हे आधी लिहितो, कारण बाकीचं त्याच्यावरूनच आहे.

ईस्टरच्या आधी उपासाच्या दिवसांत मी मरायला टेकलो होतो. छातीत पाणी झालं. पाद्रीबुवांनी शेवटचं तेलही लावलं, माझ्याकडून पापांची यादी वदवून घेतली. लांब निघाली, ते मध्ये एकदा भाकरी खायला उठून गेले. गुटोर्म भेटायला आला आणि माझ्याजवळ कमी, गोठ्याजवळ जास्त वेळ होता.

तो गेल्यावर तोरलेव माझ्या पलंगाशी बसला. म्हणाला, "बाबा, खोंड अंगाने भरलाय. शिंगं बघा त्याची. कुणीही तीनचा म्हणेल."

"चर्चच्या दारात जन्माचा दाखवलाय मी तो. लोकांना मोजता येतं."

"लोक विसरतात. आणि जे विसरत नाहीत त्यांना मी बघून घेतो. गुटोर्मकाकाचं म्हणणं असलं तर असू दे, निदान झगडायला हातात काहीतरी राहील. पिंप उद्या भरता येईल. हेरबोर्गताईला मागाहून बोलावू, ती नंतर पाय घालील." मग खाली बघून म्हणाला, "तुम्ही असे गेलात तर माझ्याजवळ काहीच नाही. हे घरसुद्धा नाही. आईला घेऊन मी कुठे जाऊ?"

ओसा दारात उभी होती. पाद्रीबुवा भिंतीकडे बघत होते, म्हणजे त्यांची हरकत नव्हती.

पोरी, तुला खरं सांगतो, तोंडावर "भर पिंप" आलं होतं. पोटचा पोर आहे तो. आणि खोंड खरंच तीनचा दिसतो. तेवीस वर्षांपूर्वी मी ज्या जागी उभा होतो, देवाने मला उचलून पुन्हा तिथेच आणून ठेवलं. तसाच बैल, तीच घाई, मरणसुद्धा तसंच दारात. मी म्हटलं, "दोन आहे. थांबायचं."

तोरलेव उठला. म्हणाला, "एका हिवाळ्यासाठी?" मी हो म्हटलं. तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. कामं सगळी केली, वेळेवर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी मेलो असतो तर त्याने मला कधीच माफ केलं नसतं, आणि त्याचं बरोबर होतं.

मेलो नाही. ओसाने महिनाभर मला कसलातरी काढा पाजला, त्यात काय होतं ते विचारायची हिंमत झाली नाही. आता काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातो. बैल मला ओळखतो, हात चाटतो. अजून बिननावाचाच आहे.

पुढच्या वर्षी संत बार्थोलोम्यूच्या सणाला करायचं ठरवलंय. तेव्हा तो तीन वर्षं तीन महिन्यांचा होईल. आता विचारतो. येशील का?

ओग्मुंड

आस्पेनेस, संत हल्वार्डचा सण, १४४९

हेरबोर्ग,

पहिल्याच बोटीने तुझं पत्र आलं. या खेपेला पाच ओळी. मी ते इतक्यांदा वाचलं की ओसा म्हणाली, आता ते पाठ होईल, दुसऱ्याला द्या. तू लिहितेस: "मी येईन. बुटात पाय घालायच्या आधी तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं की पहिला बैल किती वर्षांचा होता, आणि माझ्याकडून काय वदवलंत, कसं वदवलंत. ते झाल्यावर मी पाय घालायचा की नाही ते तिथेच ठरवीन. आधी शब्द देणार नाही."

याचा अर्थ तुला कळतो, मलाही कळतो. मी तोंड उघडलं की पहिला बूट खोटा ठरला. त्या क्षणी तोरलेव माझा वारस नाही. गुटोर्म साक्षीदार मोजायला तिथेच असेल. मग सगळं तुझ्या हातात. तू पाय मागे घेतलास तर गुटोर्मला बोट उचलायचीही गरज नाही.

तोरलेवला सांगणं भाग होतं. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आधी तुम्ही मला घराबाहेर काढायचं, आणि मग तिची मर्जी."

म्हटलं, हो.

"आणि तिने नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"तिला काय पडलंय माझं? मी तर तिचा बैल खाल्लेला माणूस." असं म्हणून तो गोठ्याकडे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हात धूत म्हणाला, "बैलाला मीठ कमी पडतंय. वाढवायला हवं." तोरलेवच्या तोंडून होकार याहून जास्त येत नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

मी बोलीन. तू सांगितलंस तसंच बोलीन, काही गाळणार नाही. बैल तीन वर्षं आणि चार दिवसांचा आहे. येताना उबदार पांघरूण आण, खाडीत ऑगस्टमध्येही वारा झोंबतो. तू विसरली असशील.

ओग्मुंड

आस्पेनेस, संत मिखाएलचा सण, १४४९

हेरबोर्ग,

तुझी बोट सुखरूप पोहोचली असं ब्योर्गविनहून आलेल्याने सांगितलं. तू इथे होतीस तेव्हा आपण फारसं बोललो नाही. तू पाद्रीबुवांकडे उतरलीस ते बरोबरच केलंस. पण बोलायचं राहिलं ते लिहून टाकतो. मला आता लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं जातं.

मी पिंपाशी उभा राहिलो तेव्हा तू कुठे आहेस ते मला दिसत नव्हतं. माणसं दोनशेच्या वर असतील. पहिला बैल दोन वर्षांचा होता हे मी म्हटलं, तिथवर आवाज नीट होता. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने खरं सांगितलं आणि मी तिला उलट्या हाताने मारलं, मनगट धरून खोटं वदवलं, हे म्हणताना काय झालं ते तू ऐकलंसच. ओसा नंतर म्हणाली की शेवटचे शब्द मागच्यांना ऐकू गेले नाहीत. म्हटलं, ज्यांना जायला हवे होते त्यांना गेले.

गुटोर्मने लगेच हात वर केला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? साक्षीदार व्हा." त्याचे साक्षीदार आधीच रांगेत उभे होते, न्याहारी करून आलेले. मी तोरलेवकडे पाहिलं. तो नवा बूट हातात धरून उभा होता, घट्ट झालेलं कातडं अंगठ्याने मऊ करत. तेवढा वेळ तो या घराचा कुणी नव्हता.

मग मी पाय घातला. सुजलेला पाय, बोटंच काय ती आत गेली, पाद्रीबुवांनी तेवढं चालवून घेतलं. तोरलेवने घातला. आणि पाद्रीबुवा म्हणाले, वारस. तू पुढे आलीस. त्यांनी तुला विचारलं, बैल किती हिवाळ्यांचा.

गुटोर्म मध्येच बोलला नसता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. मी ते तुला विचारणारही नाही. पण तो बोलला. "हिला काय विचारता, पाद्रीबुवा? हिने बैल पाहिलाय कधी? आली परवा, बैल कापला काल."

तू म्हणालीस, "काका, पाहिला नाही. वाचलाय."

आणि पांघरुणाखालून माझ्या हातची चारही पत्रं काढलीस. मी समजत होतो तू ती चुलीत घातली असशील. प्रत्येकावर माझा शिक्का होता. तू रोल्वला विचारलंस, ही कधी कधी दिलीस, आणि त्या गाढवाला प्रत्येक फेरी आठवत होती, कुठल्या फेरीत मीठ होतं आणि कुठल्या फेरीत लोकर होती तेसुद्धा. गुटोर्म म्हणाला, "ओग्मुंडदादाच्या लिहिण्यावर विश्वास? आत्ताच तर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, खोटारडा आहे म्हणून."

तेव्हा तू जे बोललीस ते मी शब्दाला शब्द लिहितो, म्हणजे चुकलं असेल तर तू दुरुस्त करशील. तू म्हणालीस, "हा माणूस बैलाच्या वयाबद्दल खोटं बोलतो तेव्हा कसा बोलतो, ते इथे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. माझ्या ओठावर अजून खूण आहे. मागच्या वर्षी तो मरायला टेकला होता. बैल तीनचा दिसत होता. घरातले सगळे म्हणत होते, कर. आणि त्याने मला लिहिलं, दोन." तू ते पत्र उघडून पहिली ओळ वाचलीस. बैल दोन वर्षं आणि अडीच महिन्यांचा आहे. "ही ओळ ओलावच्या सणाची. काका, तुम्हाला पुढचं मोजता येत असेल."

मग तू पाद्रीबुवांकडे वळून म्हणालीस, "तीन."

कुणी मनगट धरलं नव्हतं. तू स्वतःचा जोडा काढलास आणि पाय घातलास. तोल जाईल म्हणून तोरलेवने तुझं कोपर धरलं. तू त्याच्याकडे न बघता म्हणालीस, "सैल आहे रे, तुझ्या मापाचा शिवलात वाटतं." तो हसला. चोवीस वर्षांत त्या पिंपाजवळ मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी मात्र रडलो, आणि ते लपवलं नाही.

गुटोर्मला बूट पुढे केला गेला नाही, जवळच्या वारसाने पाय घातल्यावर लांबच्याला कुणी विचारत नाही. पण दारू चांगली झाली होती, म्हणून तो दोन दिवस राहिला.

तू जायच्या सकाळी विचारलंस, कोलचा बूट कुठे आहे. तुला वाटलं असेल मी टाकून दिला. तो जमिनीच्या कागदांच्या पेटीत होता, चोवीस वर्षं, वाळून लाकूड झालेला. पेटी उघडली की तो वर यायचा आणि मी तो बाजूला करून कागद काढायचो. तू तो घेऊन गेलीस ते बरं झालं. चार पत्रं पाद्रीबुवांच्या कुलपात आहेत, तोरलेवला पुढे कुणी विचारलं तर लागतील. म्हणजे तुझ्याजवळ आता माझ्या हातचं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून हे लगेच धाडतो.

तोरलेव खालच्या कुळांकडे गेलाय, दोन दिवसांनी येईल. ओसाने तुझ्यासाठी लोकरीचे मोजे दिलेत, रोल्वजवळ आहेत. बेटांवर पाय गारठत असतील म्हणते. माझी छाती वाजते, पण यंदा मरायची घाई नाही.

आणखी एक. काल सकाळी तांबडीला अवेळी गोऱ्हा झाला. काळा आहे, उजवा पुढचा पाय पांढरा. हा कशासाठीच राखलेला नाही, नुसता वाढेल. तारीख वर घातली आहे. नाव कळव.

तुझा बाप,
ओग्मुंड